मुलांना कोण सांभाळत होते?

डोळ्याच्या ऑपरेशनमुळे बरेच दिवस इथे काही लिहिता आले नाही. आता डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, पण एका वेळी फार लिहायचे नाही या अटीवर. त्यामुळे हा लेख चार बैठकांत लिहिला आहे. कुठे सांधा दिसला तर सांभाळून घ्या.

गणपतीत लेकीकडे पुण्याला गेले होते. विसर्जन झाले, घर रिकामे रिकामे वाटू लागले. रात्री लेक म्हणाली, "आई, एक जुना सिनेमा बघू या. स्वीडिश आहे, पण खाली इंग्रजीत अक्षरे येतात. तुला जमेल." सिनेमा होता 'ऑटम सोनाटा', १९७८ सालचा, इंगमार बर्गमन यांचा. मला वाटले होते मी अर्ध्या तासात पेंगेन. पण शेवटपर्यंत जागी राहिले आणि नंतर बराच वेळ झोप लागली नाही.

गोष्ट अगदी साधी आहे. एक नामवंत पियानोवादक आई सात वर्षांनी आपल्या लेकीला भेटायला येते. लेक एका पाद्र्याची बायको, खेड्यात राहणारी. पहिला दिवस गोडीगुलाबीत जातो. रात्री मात्र लेक बोलायला लागते. लहानपणी तू कधी घरी नव्हतीस, असलीस तरी माझी नव्हतीस, असे सगळे वर्षानुवर्षांचे साठलेले ती आईपुढे ओतते. आईचे काम इन्ग्रिड बर्गमनने केले आहे आणि लेकीचे लिव्ह उलमनने. त्यात एक प्रसंग आहे. लेक पियानोवर शोपँची एक छोटी रचना आईला वाजवून दाखवते. मग आई तीच रचना 'कशी वाजवायची' ते दाखवते. त्या वेळी लेक पियानोकडे पाहत नाही, आईच्या चेहऱ्याकडे पाहते. एक शब्द बोलत नाही. पण त्या चेहऱ्यावर कौतुक, अपमान, माया, राग हे सगळे एकामागून एक येऊन जाते. मी बत्तीस वर्षे वर्गात मुलांचे चेहरे वाचले आहेत. उत्तर चुकलेल्या हुशार मुलीचा चेहरा असा होतो, हे मला ठाऊक आहे.

सिनेमा संपला. लेक उठून स्वयंपाकघरात विरजण लावायला गेली. तिथूनच म्हणाली, "आई, मला गोवर आला होता तेव्हा तू दहावीच्या सुपरव्हिजनला गेली होतीस. आठवतं?"

आठवत होते. आवाजात राग नव्हता. तिची स्वतःची पंचेचाळिशी उलटली आहे, मुले मोठी झाली आहेत. पण इतक्या वर्षांनी तिला ते आठवावे आणि नेमके त्या सिनेमानंतर आठवावे, हे मला लागले. मी म्हणाले, "आजी होत्या ना तुझ्याजवळ." ती म्हणाली, "हो. आजी म्हणत होती, पेपर संपला की येईल हं आई." त्यापुढे आम्ही दोघी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारले, की ही लिव्ह उलमन कोण? लेकीने कपाटातून तिच्या आत्मकथनाचे इंग्रजी पुस्तक काढून दिले, 'चेंजिंग' नावाचे. ते मी शब्दकोश शेजारी ठेवून महिनाभर वाचले. नातीने आणखी दोन-तीन सिनेमे दाखवले. त्यातून जे मत तयार झाले ते आज मांडते आहे.

आमच्या पिढीतल्या बी.ए.वाल्यांना नॉर्वे म्हणजे इब्सेन. मराठी नाटकाच्या पेपरात आम्हाला त्या देशाचे देणे चांगलेच शिकवले होते. १९३३ साली नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले, ते ब्यॉर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावर बेतलेले होते. अनंत काणेकरांचे 'घरकुल' हे इब्सेनच्या 'डॉल्स हाऊस'चे रूपांतर आणि रांगणेकरांच्या 'कुलवधू'वरही (१९४२) त्याच नाटकाची छाया. पण त्या देशातल्या एकाही नटीचे नाव मला सत्तरी ओलांडेपर्यंत माहीत नव्हते, हे कबूल करते.

लिव्ह उलमनचा जन्म १६ डिसेंबर १९३८ चा. नॉर्वेजियन आईवडील, पण जन्म तोक्योत. वडील विमानांचे इंजिनिअर होते आणि कामानिमित्त जपानला होते. आत्मकथनात ती सांगते, की मुलगी झाली हे सांगताना रुग्णालयातली परिचारिका आईपाशी वाकून, अपराधी स्वरात कुजबुजली आणि नवऱ्याला हे तुम्हीच सांगाल का, असे विचारले. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि हसले. म्हटले, तोक्यो काय नि आमचा तालुका काय!

पुढे महायुद्ध आले. कुटुंब कॅनडाला गेले, मग न्यूयॉर्कला. ती लहान असतानाच वडील वारले. आई दोन मुलींना घेऊन नॉर्वेला परतली, ट्रॉन्डहाइम गावी राहिली आणि पुस्तकांच्या दुकानात काम करून तिने मुली वाढवल्या. लिव्हला नाटकात जायचे होते. ओस्लोच्या नाट्यशाळेने तिला प्रवेश नाकारला. (परीक्षकांनी नापास केलेली मुले पुढे काय करतात, यावर मी एक स्वतंत्र लेख लिहिणार आहे.) तिने लंडनला जाऊन थोडे शिक्षण घेतले आणि १९५७ साली स्टाव्हांगर या गावच्या नाट्यगृहात अ‍ॅन फ्रँकची भूमिका केली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्यानंतर ओस्लोच्या रंगभूमीवर वर्षानुवर्षे काम. म्हणजे बर्गमन भेटायच्या आधी ती नटी म्हणून पुरी घडलेली होती. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचा सगळा वाद इथेच आहे.

१९६५ च्या उन्हाळ्यात बर्गमन यांनी 'पर्सोना' या चित्रपटासाठी तिला घेतले. त्यांची नेहमीची नटी बीबी अँडरसन आणि लिव्ह या मैत्रिणी होत्या. दोघींच्या चेहऱ्यांतले साम्य पाहून त्यांना कथा सुचली. त्यात लिव्हने एका नटीचे काम केले आहे, जी भर नाटकात गप्प होते आणि नंतर बोलतच नाही. जवळजवळ संपूर्ण चित्रपटात तिला संवाद नाहीत. विचार करा, परक्या देशात, परक्या भाषेच्या चित्रपटात, सव्वीस वर्षांच्या मुलीला पहिली मोठी भूमिका मिळते आणि तीही मुकी. तिने ती नुसत्या डोळ्यांनी आणि ओठांनी केली.

त्या चित्रीकरणातच ती आणि बर्गमन एकमेकांच्या प्रेमात पडले. त्यांचे वय सत्तेचाळीस, दोघांचीही लग्ने झालेली. १९६६ मध्ये त्यांना मुलगी झाली, लिन. फोरो नावाच्या वाऱ्यावादळाच्या बेटावर पाचेक वर्षे ती त्यांच्याबरोबर राहिली, नंतर वेगळी झाली. लग्न त्यांनी केले नाही. आपल्या नजरेला हे रुचणारे नाही, माझ्याही नाही. पण मला त्यावर निवाडा द्यायचा नाही. मैत्री मात्र बर्गमन २००७ मध्ये जाईपर्यंत टिकली, आणि काम तर टिकलेच. 'शेम', 'क्राइज अँड व्हिस्पर्स', टीव्हीवरची सहा भागांची मालिका 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज' (१९७३), 'फेस टू फेस', 'ऑटम सोनाटा' आणि 'सीन्स'मधलेच नवराबायको तीस वर्षांनी भेटतात तो 'साराबांद' (२००३).

आता माझा पहिला मुद्दा. तिच्याविषयी काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन ओळींत 'बर्गमनची नायिका', 'बर्गमनची प्रेरणा' हे शब्द येतातच. मला याचा राग येतो. आमच्या गावात वीस-बावीस वर्षे शिकवल्यावरही काही मंडळी मला 'साहेबांच्या मिसेस' म्हणूनच ओळखत. ज्यांच्या मुलांना मी ऱ्हस्वदीर्घ शिकवले, तीसुद्धा! त्यामुळे हे दुखणे मला कळते.

यान ट्रोएल या दिग्दर्शकाच्या 'द एमिग्रंट्स' (१९७१) आणि 'द न्यू लँड' (१९७२) या चित्रपटांत ती क्रिस्तिना झाली आहे. स्वीडनमधल्या दगडाळ जमिनीवर पोट भरेना म्हणून नवरा आणि मुलांबरोबर अमेरिकेत मिनेसोटाला जाणारी शेतकरीण. ऑस्करसाठी तिला पहिले नामांकन मिळाले ते या क्रिस्तिनासाठी. बर्गमन यांचा त्यात काही संबंध नाही. १९७५ साली न्यूयॉर्कला तिने इंग्रजीतून 'डॉल्स हाऊस'मधली नोरा केली, १९७७ मध्ये ब्रॉडवेवर 'अ‍ॅना ख्रिस्ती', १९८२ मध्ये इब्सेनचेच 'घोस्ट्स'. हॉलिवूडमध्ये 'लॉस्ट होरायझन' सपशेल पडला, तेही तिने पचवले. पुढे ती स्वतः दिग्दर्शक झाली. 'सोफी' (१९९२), 'क्रिस्तिन लाव्हरान्सदातर' (१९९५), 'मिस ज्युली' (२०१४). २००० सालच्या 'फेथलेस'ची तर पटकथा बर्गमन यांची आणि दिग्दर्शन तिचे. शिष्येच्या हाती गुरूने आपली वही दिली, असेच ते झाले. सिडनीला २००९ मध्ये केट ब्लँचेटला घेऊन तिने 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' बसवले. १९८० पासून युनिसेफची सदिच्छादूत म्हणून ती दुष्काळ आणि युद्धाच्या मुलखांत मुलांसाठी हिंडली. निर्वासित स्त्रियांसाठी काम करणारी संस्था उभी करण्यात तिचा हात होता. २०२२ मध्ये तिला मानद ऑस्कर दिले. एवढे सगळे केलेल्या बाईला अजून एका पुरुषाच्या नावाचा टेकू कशाला?

आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगते. तिच्यावर दोन माहितीपट काढले ते धीरज अकोलकर या भारतीय दिग्दर्शकाने. आडनावावरून तुमच्या लक्षात आलेच असेल. पहिल्याचे नाव 'लिव्ह अँड इंगमार' (२०१२) आणि दुसऱ्याचे 'लिव्ह उलमन : अ रोड लेस ट्रॅव्हल्ड' (२०२३). पहिल्यात दोघांची नावे, दुसऱ्यात तिचे एकटीचे. अकरा वर्षांनी का होईना, कोणीतरी तिला तिच्या नावाने हाक मारली. मला हे फार आवडले.

आता दुसरा मुद्दा, आणि खरे तर त्यासाठीच हा लेख.

'चेंजिंग' हे पुस्तक नटीने लिहिलेले आहे, पण त्यात झगमगाट फार थोडा आहे. त्यात सतत येते ती अपराधाची टोचणी. तालमीला गेले तर लेक घरी आहे, घरी राहिले तर काम बोलावते आहे. घरी बसून लिहायला घेतले तर ते कोणाला कामच वाटत नाही. जगातली इतकी मोठी नटी, आणि तिच्या मनात तेच चालले आहे जे माझ्या मनात पेपर तपासताना चालायचे! मला आधी बरे वाटले, मग वाईट वाटले. वाटले, हे दुखणे पैशाने आणि प्रसिद्धीनेही जात नाही म्हणायचे.

तिची लेक लिन पुढे मोठी लेखिका झाली. २०१५ साली तिने आईवडील आणि स्वतःचे बालपण यांवर एक कादंबरी लिहिली, इंग्रजीत तिचे नाव 'अनक्वाएट'. त्यात आईची वाट पाहणारी मुलगी आहे. म्हणजे आईने टोचणी लिहिली आणि लेकीने वाट पाहणे लिहिले. दोन्ही खरे. लेकीचे एकटेपण खोटे होते असे मी म्हणणार नाही. माझ्या लेकीचा गोवर खोटा नव्हता.

पण आता एक हिशेब पाहा. इंगमार बर्गमन यांना सहा स्त्रियांपासून नऊ मुले झाली. लिन त्यांतली नववी. या गृहस्थांनी आयुष्यात पन्नासच्या आसपास चित्रपट काढले, शेकड्याने नाटके बसवली. त्यांच्यावर ग्रंथांचे ढीग आहेत. त्यात प्रकाशयोजना आहे, देवाचे मौन आहे, मृत्यू आहे. पण तुम्ही कामाला जात होतात तेव्हा तुमच्या नऊ मुलांना कोण सांभाळत होते, हा प्रश्न त्यांची थोरवी ठरवताना कोणी मध्ये आणत नाही. लिव्हला एकच मुलगी होती. आणि ती टोचणी जन्मभर तिच्याच पदरात.

'ऑटम सोनाटा'कडे पुन्हा वळते. तो लिहिला बर्गमन यांनी. आईवर आरोप करणारी लेक झाली लिव्ह. आणि त्या लेकीचे लहानपण दाखवायला लहानग्या लिनला उभे केले आहे, म्हणजे त्या दोघांच्या खऱ्या मुलीला. तीत पिंजऱ्यात कोण उभे आहे? एकटी आई. वडील मागच्या बाजूला सोशिक, बिचारे म्हणून येतात. घरी नसलेल्या बापानेच घरी नसलेल्या आईवर खटला लिहिला. चित्रपट थोर आहे, मी तो पुन्हा बघेन. पण हे लक्षात आल्यावाचून बघणार नाही. चित्रीकरणाच्या वेळी इन्ग्रिड बर्गमनने त्या आईच्या भूमिकेवरून दिग्दर्शकाशी वाद घातला होता, आई सात वर्षे मुलीला भेटल्यावाचून कशी राहील म्हणून. तिनेही मुलांपासून दूर राहून काम केले होते आणि त्यापायी जगाची बोलणी खाल्ली होती. तिला ते जाणवणारच.

आणि गंमत म्हणजे हा प्रश्न नॉर्वेनेच जुन्या काळी विचारला होता. 'आंधळ्यांची शाळा'चे मूळ जे ब्यॉर्नसनचे नाटक, ते १८८३ चे. स्त्रीकडून जी शुद्धता मागता ती पुरुषाकडून का मागत नाही, हाच त्याचा विषय. एक नियम दोघांना लावा, एवढेच ते म्हणणे. आमच्या सरांनी तो परीक्षेसाठी टिपून घ्यायला लावला आणि आम्ही टिपून घेतला. मला त्यावर चांगले गुण मिळाले होते. घरी लागू करायचे मात्र सुचले नाही.

कारण, मंडळी, त्या रात्री मी अंथरुणात पडून आठवत होते. लेकीला गोवर आला तेव्हा मी दहावीच्या पर्यवेक्षणावर होते, घरापासून दहा मिनिटांवर. अकराला गेले, तीनच्या सुमारास परत आले. आणि हे कुठे होते? ह्यांची सरकारी नोकरी, फिरती. ते त्या आठवड्यात दुसऱ्या जिल्ह्यात होते. शनिवारी आले, लेकीला बोरे आणि एक चित्रांचे पुस्तक आणले. ते पुस्तक तिने अजून जपून ठेवले आहे. आई चार तास नव्हती ते लक्षात राहिले. बाबा पाच दिवस नव्हते ते तिच्या ध्यानातही नाही. आणि खरे सांगू? ते माझ्याही ध्यानात नव्हते. त्या वेळी मला वाटले होते, किती चांगले आहेत, आठवणीने पुस्तक आणले!

ह्यांना जाऊन आता नऊ वर्षे झाली. ते वाईट नव्हते, मुळीच नाही. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांना कोणी तो प्रश्न विचारला नाही, म्हणून त्यांच्या मनात तो आला नाही, इतकेच. मीही विचारला नाही. सासूबाईंनी तर नाहीच. आणि ज्या सासूबाईंनी पोर सांभाळले म्हणून मी शाळेत जाऊ शकले, त्यांचे नाव या हिशेबात कुठेच येत नाही, हा आणखी एक अन्याय.

तर माझे मत असे. नोकरी करणाऱ्या आईने अपराधी वाटून घेऊ नये, असला सोपा उपदेश मी करणार नाही. मूल आजारी असताना पाय घराबाहेर पडतो तेव्हा काहीतरी तुटते, ते तुटू द्यावे. पण ती टोचणी एकटीच्या खात्यावर का? हिशेब दोघांच्या नावावर मांडा आणि मग जी काय बाकी निघेल ती दोघांनी वाटून घ्या. आणि कोणा मोठ्या बाईविषयी लिहाल तेव्हा तिच्या संसाराची चौकशी करायची असेल तर खुशाल करा, पण मोठ्या पुरुषाविषयी लिहिताना तीच चौकशी तेवढ्याच ओळींत करा. नाहीतर दोन्हीकडची सोडून द्या.

हा लेख इथे टाकण्याआधी लेकीला फोनवर वाचून दाखवला. तिच्याविषयी लिहिले आहे, तेव्हा तिला विचारायला हवे. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, त्या दिवशी तू आलीस तेव्हा तुझ्या हाताला शाईचा वास येत होता. तो मला आवडायचा. हेही लिही."

म्हणून तेही लिहिले.

असो. ज्यांनी 'ऑटम सोनाटा' पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा, शक्यतो आईबरोबर किंवा लेकीबरोबर. आणि मुलगे असतील तर त्यांनाही शेजारी बसवावे. टंकलेखनातल्या चुका डोळ्यांच्या नावावर घाला. चूकभूल द्यावी घ्यावी.